पाक सुरायाच्या हातचं

मोठ्या रायेला, म्हणजे कुर्बानीच्या ईदेला, तीन आठवडे राहिले होते. माझा धाकटा दीर मझलान मागच्या दाराने स्वयंपाकघरात आला आणि उभ्याउभ्याच म्हणाला, "वहिनी, या वर्षी आईची मेंढी दुसऱ्या कुणाकडून कापून घे."

मी कांदे चिरत होते. मला वाटलं, खांदा धरलाय. सत्तावीस वर्षं कत्तलखान्यात सुरी चालवणारा माणूस, कधी ना कधी खांदा बोलणारच. म्हटलं, "बस, तेल लावून देते. आणि आधी बूट काढ."

त्याने बूट काढले, जोडीने दाराशी ठेवले आणि खुर्चीच्या कडेवर बसला. "खांदा नाही दुखत. माझा विश्वास राहिला नाही."

"कुणावर? त्या फोरमनवर?"

"वरच्यावर."

मी सुरी खाली ठेवली. खोटं कशाला सांगू, मी त्याच्या तोंडाकडे बघितलं नाही. फ्रीजरकडे बघितलं. कोपऱ्यातला तो आडवा पांढरा फ्रीजर त्याच्या हातच्या मटणाने काठोकाठ भरलेला होता.

"कधीपासून?"

"पाच वर्षं झाली."

पाच वर्षं. त्याच्या सुरायाचं लग्न, माझ्या रिदवानच्या मुलीचं जावळ, सासूबाई हज करून आल्या तेव्हाचं जेवण. त्या दिवशी दीडशे माणसं जेवली होती. सगळं याच्याच हातचं. आमच्यात कापणारा माणूस ईमानाचा, म्हणजे अल्लाला मानणारा लागतो. त्याचंच ईमान गेलं असेल तर ते नुसतं मेलेलं जनावर. हे मला कुणी समजावून सांगायला नको होतं, आणि त्यालाही नको होतं.

"मग पाच वर्षं करत काय होतास?"

"कापत होतो," तो म्हणाला.

त्याला गावात मझलान कुणी म्हणत नाही. आम्ही हिंदी महासागरातल्या कोकोसच्या बेटावरून ऑस्ट्रेलियाच्या या गव्हाच्या मुलखात आलेली माणसं. आमच्यात पहिलं मूल झालं की आईबापांची नावं बाजूला पडतात. त्याची थोरली सुराया, म्हणून तो पाक सुराया, म्हणजे सुरायाचा बाप, आणि त्याची बायको माक सुराया. मी माक रिदवान. सासूबाईंचा पहिला नातू माझा रिदवान, म्हणून त्या नेक रिदवान, पण सगळं गाव त्यांना नुसतं नेक म्हणतं. मशीद जवळ पडते म्हणून नेक माझ्याकडे असतात. माझा नवरा दोन आठवडे उत्तरेला खाणीवर आणि एक आठवडा घरी, तेव्हा घरात आम्ही दोघीच.

नेक मटण खातात ते फक्त मझलानच्या हातचं. दुकानातल्या पाकिटावर हलालचा शिक्का दाखवला तर म्हणतात, "शिक्का मारणाऱ्याचं तोंड मी बघितलंय का?"

त्याच्या हाताला हे नाव कसं मिळालं ते सांगायला हवं, कारण सगळा घोळ तिथेच आहे.

मझलान लग्नाआधीपासून वसवशाचा माणूस. वसवसा म्हणजे मन कुरतडणारी शंका. नमाजच्या आधी वुझूला बसला की कोपर नीट भिजलं का, टाच कोरडी राहिली का, पुन्हा धू. नमाजला उभा राहिला की पहिला शब्द बरोबर निघाला का, पुन्हा म्हण. माक सुराया नवी नवरी असताना न्हाणीच्या दाराशी उभी राहून ओरडायची, "अहो, पाय आहेत का संपले धुऊन?" हिवाळ्यात त्याच्या हातांना भेगा पडायच्या, त्यातून रक्त यायचं, आणि मग ते रक्त सदऱ्याला लागून सदरा नापाक झाला का, ही नवी शंका.

आणि अशा माणसाला काम कोणतं मिळालं? चेनवर दर नऊ-दहा सेकंदांनी एक मेंढी समोर येते. विजेच्या झटक्याने बेशुद्ध केलेली मेंढी टेबलावर घसरते, मग बिस्मिल्ला म्हणायचं, एका हाताने हनुवटी वर करायची आणि दुसऱ्याने सुरी ओढायची. दिवसाला दीड हजार त्याच्या वाट्याच्या. दीड हजार वेळा देवाचं नाव आणि दर वेळी मागून शंका, आत्ता म्हटलं का मी? की मागच्या मेंढीचंच कानात राहिलंय? कारखान्याचा नियम असा की शंका आली तर सांगायचं, मग त्या धडाला लाल चिठ्ठी लागते आणि ते वेगळं काढतात. बाकीचे कापणारे वर्षात दोनदा-तीनदा सांगायचे. मझलानने एका सोमवारी सतरा चिठ्ठ्या लावल्या. मी तेव्हा खाली पॅकिंगला होते. लाल चिठ्ठ्यांची मिरवणूकच आली तशा बायका हसायला लागल्या. फोरमन डॅरिल वर जाऊन त्याला म्हणाला, "मॅझ, तुमच्या देवाला कमी ऐकू येतं का रे?"

त्या वेळच्या म्हाताऱ्या इमामांनी त्याला समोर बसवलं. म्हणाले, "बाबा रे, आपल्या पंथात म्हणायचं विसरलं तरी मटण हलालच राहतं. शब्दापेक्षा माणूस मोठा. कापणारा मुसलमान आहे ना? झालं तर." त्याने मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी अकरा चिठ्ठ्या लावल्या.

घरात तो आजार होता. गावात मात्र त्याचं नाव झालं. "एकेका मेंढीसाठी जीव टाकतो हो," बायका म्हणायच्या. पर्थहून कुणी लग्नाला आलं तर ताटावर बसण्याआधी विचारायचं, पाक सुरायाच्या हातचं ना? नेकना तर एवढा अभिमान की त्याच्या हातांच्या भेगा त्या पाहुण्यांना दाखवायच्या.

मग पाच वर्षांपूर्वी चिठ्ठ्या थांबल्या. वुझू दोन मिनिटांत उरकायला लागला. हात भरून आले. माक सुरायाने चार घरी गोड भात वाटला, अल्लाने माझ्या नवऱ्याला बरं केलं म्हणून.

ते बरं होणं म्हणजे काय होतं ते त्याने त्या दुपारी मला कांद्यांसमोर बसून सांगितलं.

"एका सकाळी वीज गेली, वहिनी. चेन थांबली, पंखे थांबले. त्या जागी इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. समोर मेंढी नव्हती तरी सवयीने मी बिस्मिल्ला म्हणालो. आणि मनात आलं, हे मी कुणाला म्हटलं? असलं काही मनात आलं की माझ्या पोटात गोळा यायचा, घाम फुटायचा, दिवसभर तौबा करत बसायचो. त्या दिवशी गोळा आला नाही. मी त्याची वाट बघितली. जेवणाच्या सुट्टीपर्यंत बघितली. आलाच नाही."

"मग बरं वाटलं असेल."

"आधी फार बरं वाटलं. कितीतरी वर्षांनी डबा पूर्ण खाल्ला. घरी जाताना इकडे डोकावलो तर आई नमाजाला जानमाजवर बसली होती. तिच्याकडे बघून वाटलं, सगळी माणसं बोटीत बसून गेली आणि मी धक्क्यावर उभा आहे. हातसुद्धा करता येत नाही, कारण त्यांना वाटतंय मी बोटीतच आहे."

"रमजानचे तीसही रोजे धरलेस की रे!"

"मग दुपारी जेवणार कुठे? तुझ्याकडे?"

मला हसू आलं आणि लगेच राग आला, हसू आल्याचा.

"डुकराचं नाव काढलं तरी अजून मळमळतं मला," तो म्हणाला. "न्हाणीत शिरताना लहानपणी शिकवल्यासारखा डावाच पाय आधी पडतो. आणि देव गेला, पण कबरीत प्रश्न विचारणारे ते दोघे फरिश्ते गेले नाहीत. मी मानत नाही त्यांना, तरी येतात."

"आणि इतकी वर्षं आम्हाला खाऊ घातलंस, ते?"

"रोज वाटायचं, उद्या परत येईल. ताप जसा उतरतो आणि चढतो. आला की मागचं सगळं माफ करून घेऊ. पण परवा आई म्हणाली, ही माझी शेवटची कुर्बानी असेल. तिच्या नावाची मेंढी आहे, वहिनी. तिचा हिशेब त्याच्याशी आहे. त्यात मी मध्ये उभं राहायचं नाही. तेवढं एक तरी तिला खरं मिळू दे."

कारखान्यात त्याने कातड्यांच्या शेडमध्ये बदली मागितली होती. त्याला माझ्याकडून हवं होतं ते एवढंच की गाजावाजा न करता दुसरा माणूस बघायचा आणि नेकना काही कळू द्यायचं नाही. मी हो म्हटलं. मला तेव्हा ते सोपं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी माक सुरायाकडे गेले. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. मी दार लावून घेतलं तेव्हाच तिला कळलं.

"सांगितलंन का तुला?"

"तुला माहीत होतं?"

"तीन वर्षं."

"आणि गप्प बसलीस!"

"मग काय करू? मशिदीच्या माइकवरून सांगू?" तिने टॉवेल झटकला. "तोंडाने बोलला की निकाह तुटला. एकतीस वर्षं ज्याच्या चड्ड्या वाळत घातल्या, त्याच्यासमोर उद्यापासून परक्या बाईसारखी डोकं झाकून बसू? मनात काय आहे ते अल्ला बघेल. तोंडातून निघालं की गाव बघेल. मी त्याला सांगून ठेवलंय, नको मानूस, पण बोलू नकोस."

"आणि तू? तुला काही वाटत नाही?"

तिने टॉवेलाची घडी घातली. मग म्हणाली, "मी अजून त्याच्या मागे नमाजला उभी राहते, ताई. तो पुढे, मी मागे. पुढे नुसती पाठ आहे हे मला माहीत असतं. एकदा मनात आलं, आपण एकटीनेच पढावं. पण मग तो काय करेल त्या वेळात? सोफ्यावर बसेल? मला ते बघवणार नाही."

मी दुसरा माणूस शोधायला लागले. पाक इंदान त्याच्याबरोबरच चेनवर असतो, त्याला फोन केला. तो म्हणाला, "पाक सुराया जिवंत असताना नेकची मेंढी मी कापू? लोक मला गावात राहू देतील का?" मी म्हटलं, त्याचा खांदा दुखतोय. ते संध्याकाळपर्यंत चार घरं फिरून नेकपर्यंत आलं.

"लानचा खांदा दुखतोय आणि मला कुणी सांगत नाही?" नेक म्हणाल्या. त्याला लान म्हणणाऱ्या आता त्या एकट्याच. त्यांनी खोबरेल तेल कोमट करायला लावलं आणि मझलानला बोलावून घेतलं. बावन्न वर्षांचा बाप्या सदरा काढून जमिनीवर बसला आणि एक्याऐंशी वर्षांची आई खुर्चीत बसून त्याचा खांदा चोळायला लागली.

"इथे दुखतं?"

"नाही."

"इथे?"

"नाही गं आई."

"मग कुठे दुखतं मेल्या?"

त्याने माझ्याकडे बघितलं. मी खालच्या मानेने तांदूळ निवडत होते. "तिथेच," तो म्हणाला, "तिथेच दुखतं." आठवडाभर रोज हे चाललं. आठव्या दिवशी नेकनी जाहीर केलं की खांदा सुटला.

बदलीचा अर्ज फिरत फिरत आमच्या इमामांकडे गेला, कारण कापणाऱ्यांची शिफारस मशीद करते. आताचे इमाम तरुण आहेत, मलेशियातल्या जोहोरकडचे. मनाने चांगला माणूस. दोघा भावांची गाठ एकाच वेळी पडेल म्हणून ते मझलानशी बोलायला माझ्याकडेच आले, पण माझा नवरा नेमका खाणीवर होता. बैठकीत ते दोघे बसले. नेक आतल्या खोलीत तसबीह ओढत होत्या. मी चहा घेऊन गेले आणि तिथेच थांबले.

इमाम म्हणाले, "पाक सुराया, तुमच्यासारखा माणूस सुरी खाली ठेवतो म्हणजे काय? पाक इंदान एकटा पडेल. बाहेरून माणूस आणावा लागेल. आणि कसला आणणार, तुमच्यासारखा?"

मझलान म्हणाला, "मी मुसलमान राहिलो नाही."

मला वाटलं, आता घर खाली येणार. इमामांनी मात्र चहाचा घोट घेतला.

"नमाज सोडलीत?"

"नाही."

"रोजे?"

"नाही."

"दारू? जुगार?"

"नाही हो. पण मी मानत नाही. आत काही नाही."

इमामांच्या तोंडावर हसू आलं. टिंगलीचं नव्हे, मायेचं. "मला इथे येऊन चार वर्षं झाली. पण तुमच्या लाल चिठ्ठ्यांची गोष्ट मी पर्थमध्ये उतरलो त्या दिवशीच ऐकली. पाक सुराया, ज्याचं ईमान खरंच गेलंय तो असा येऊन सांगतो का? तो मजा करत असतो. तुम्ही आईच्या कुर्बानीची काळजी करताय. ही काळजी कोण करतं? ईमानच करतं. पूर्वी शंका यायची, बिस्मिल्ला म्हटलं का. आता शंका येते, ईमान आहे का. वसवसा तोच आहे. फक्त मोठा झालाय."

"शंका नाही मला. खात्री आहे."

"वसवसेवाल्याला खात्रीच असते. तुम्हाला त्या सतरा मेंढ्यांची खात्री नव्हती?"

मझलानने कप खाली ठेवला. मग तो हळूच म्हणाला, "मी काय केलं म्हणजे तुमचा विश्वास बसेल?"

"हे बघा, हे असं विचारणं हासुद्धा वसवसाच," इमाम म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "माक रिदवान, तुम्ही तर त्यांना तरुणपणापासून बघताय. तुम्ही सांगा."

आतून नेकच्या तसबीहचे मणी ऐकू येत होते. ऐकू येत होते म्हणजे त्यांनाही आमचं ऐकू येत असणार. मझलान माझ्याकडे बघत होता. त्या घरात त्याचं खरं मानणारी मी एकटीच होते. मी एवढंच म्हटलं असतं की इमामसाहेब, हा आजार नाही, हा खरं बोलतोय, तर काय झालं असतं? मला दिसलं काय झालं असतं. माक सुराया डोकं झाकून आपल्याच घरात बसलेली. नेक आणि ती दीडशे पानं. आणि माझा फ्रीजर.

"तो पहिल्यापासून असाच आहे," मी म्हणाले.

मझलानने नजर खाली घेतली. ती पुन्हा वर आली नाही.

इमामांनी त्याला ईमानाची साक्ष देणारा कलमा म्हणायला लावला, मनाच्या समाधानासाठी. त्याने म्हटला, स्पष्ट, एकही अक्षर न चुकता. "झालं," इमाम त्याच्या पाठीवर थाप मारत म्हणाले, "कालपर्यंत काही असलंच तर तेही धुऊन निघालं."

"मी नुसतं म्हटलं," मझलान म्हणाला.

"सगळे तेच करतात. मनातलं अल्लावर सोडा."

इमाम गेले. मझलान बूट घालायला बसला. नाडी बांधता बांधता म्हणाला, "दार उघडंच आहे वहिनी, पण मला बाहेर पडता येत नाही. मी बाहेर पडलो की हे म्हणतात, बघा कसा आत आहे." कातड्यांच्या शेडची बदली दोन दिवसांनी नामंजूर झाली.

मी काही दिवस फ्रीजर उघडला नाही. मासे आणि अंडी करत राहिले. नेकनी चौथ्या दिवशी विचारलं, "सूनबाई, मेंढ्यांनी संप केलाय का?" मग उघडला. मसाला वाटताना मी दहादा माफी मागितली, कशाची ते मलाच नीट कळत नव्हतं. माझा विश्वास जिथे होता तिथेच आहे. मला नमाजात शांत वाटतं, अजून वाटतं. पण पाचशे पावलांवर राहणाऱ्या माणसाला त्याच गोष्टीने आधी वीस वर्षं झोपू दिलं नाही आणि मग तीच गेली तरी सोडलं नाही, हे आता मला माहीत झालं होतं. ते माहीत असून मी दोन्ही हात वर करून काय मागायचं? त्याचा विश्वास परत यावा असं मागावं, तर मला त्या भेगा पडलेल्या हातांची आठवण येते.

रायेच्या दिवशी दव गोठलं होतं. नमाजनंतर आम्ही गावाबाहेर पाक इंदानच्या शेतावर गेलो. दरवर्षी तिथेच सगळ्यांच्या मेंढ्या असतात. पत्र्याच्या शेडमागे पाच-सहा कुटुंबं जमलेली, बायकांनी थर्मासमधून चहा आणलेला, पोरं कुंपणावर चढलेली. नेकसाठी मी घडीची खुर्ची नेली होती. नेकची मेंढी धष्टपुष्ट होती, काळ्या तोंडाची. तिचं तोंड वायव्येला, मक्केच्या किबल्याकडे करून आडवी केली. पाक इंदानने पाय धरले. मझलान सुरी घेऊन आला आणि मेंढीजवळ न बसता आईजवळ येऊन बसला. मी खुर्चीच्या मागेच उभी होते, म्हणून मला ऐकू आलं. बाकी कुणाला नाही.

"आई, ऐक. ही मेंढी इंदानकडून कापून घे. मी नको."

"खांदा?"

"खांदा नाही. मी मानत नाही आता. अल्लाला. माझ्या हातची कुर्बानी तुला पोचणार नाही. इमामांना नाही पटत. तू तरी माझं खरं मान."

नेकनी त्याच्याकडे बघितलं. मी त्यांच्या मागे, मला त्यांचं तोंड दिसत नव्हतं, फक्त पांढऱ्या ओढणीचा मागचा भाग. नंतर मी पुष्कळदा विचार केला की तेव्हा त्या तोंडावर काय असेल.

त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, काहीतरी पुटपुटल्या आणि त्याच्या कपाळावर फुंकर मारली, लहान पोराची दृष्ट काढावी तशी. मग म्हणाल्या, "लहानपणी पण तू असंच करायचास. होडीत बसवलं की म्हणायचास, होडी खालून फुटलीय. फुटलेली नसायची."

"आई, मी लहान नाही."

"बरं. नको मानूस."

त्याने मान वर करून बघितलं. मीही.

"तू फक्त म्हण," नेक म्हणाल्या. "मानायचं मी बघते. ऊठ, ती मेंढी घाबरलीय, तिला ताटकळत ठेवू नकोस. पाप लागेल."

"मलाच लागेल ना ते?"

"कुणालाही लागेल. ऊठ."

त्या काठी टेकत उठल्या, त्याच्या दंडाला धरून मेंढीपर्यंत चालत गेल्या आणि त्याच्या सुरीच्या हातावर आपला हात ठेवला. सगळे बघायला लागले. पोरंसुद्धा. मझलानचे ओठ मिटलेले होते. मला वाटलं, आता तो सुरी टाकेल. तेवढं त्याच्या हातात होतं. टाकली असती तर आईचा हात सुरीसकट खाली गेला असता, सगळ्यांसमोर.

तो म्हणाला. मोठ्याने, कुंपणापर्यंत ऐकू जाईल असं. एका ओढीत झालं. बायकांनी अल्लाहू अकबरची तकबीर म्हटली. पाक इंदान म्हणाला, "बघा, याला म्हणतात हात!"

मटणाचे तीन वाटे केले, घरचा, नात्याचा आणि गरजूंचा. दुपारपर्यंत मी पिशव्या घेऊन अकरा दारं फिरले. एकूण एक दारी तोच प्रश्न, पाक सुरायाच्या हातचं ना? एक म्हातारी, डोळ्यांनी अधू झालेली, तिने पिशवी छातीशी धरली आणि म्हणाली, "मग काही बघायलाच नको." मी प्रत्येक दारी हो म्हणाले. हो हे खरंच होतं.

परत आले तर मझलान माझ्या मागच्या अंगणात नळाखाली सुऱ्या धूत होता. पाणी बर्फासारखं होतं. त्याची बोटं लाल झाली होती.

"वाटलंस?"

"वाटलं."

"कुणी काही विचारलं?"

"विचारलं, तुझ्या हातचं का म्हणून."

त्याने नळ बंद केला. सुरी पुसली, मग पुन्हा पुसली. "वहिनी, आईने ऐकलं का माझं? समजून म्हणाली, की मला वेडा समजून?"

"मला नाही माहीत."

"तू मागेच होतीस."

"मागेच होते रे. तोंड दिसत नव्हतं."

"आणि तू? तू तर मानतेस ना, मी खरं बोलतोय ते?"

मी हो म्हणणार होते. इमामांपुढे जे म्हटलं नाही, ते निदान तिथे, नळापाशी म्हणणार होते. पण आतून नेकनी हाक मारली, "काळीज गार होतंय! दोघं या!" आणि माझ्या तोंडून निघालं, "चल, जेवून घे आधी."

तो हात पुसत माझ्या मागून आत आला. नेकनी काळीज मिरचीचं सांबाल घालून परतायला लावलं होतं आणि स्वतः ताटं घेऊन बसल्या होत्या. त्यांनी पहिला तुकडा त्याला वाढला, दुसरा मला, मग स्वतःला घेतला आणि आमच्याकडे बघत थांबल्या, आम्ही सुरुवात करायची म्हणून. मझलानने बिस्मिल्ला म्हटलं. मी म्हटलं. आम्ही जेवायला लागलो.